बागेत पडलेली सुई मुलाला टोचली: संसर्गाचा धोका किती, आणि आता नेमके काय करावे?

शेवंती

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला काल संध्याकाळी बागेत वाळूत खेळताना सुई टोचली. सुई सिरिंजला जोडलेली होती. ती कुणी आणि कशासाठी वापरली होती हे कळण्याचा मार्ग नाही, आणि किती दिवसांपासून तिथे पडून होती हेही सांगता येत नाही. तळहातावर रक्ताचा लहानसा थेंब आला होता. सासूबाईंनी लगेच जखम दाबून आणखी थोडे रक्त काढले आणि मग आम्ही ती साबणाने धुतली. आज मुद्दाम शोधल्याशिवाय खूणही दिसत नाही.

जवळच्या दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन आणि ‘घाबरण्यासारखे काही नाही’ असे सांगून आम्हाला घरी पाठवण्यात आले. त्यांचे म्हणणे बरोबर असेलही, परंतु एचआयव्हीचा विचार मनातून जात नाही. रात्री जे वाचले त्यात एका ठिकाणी धोका नगण्य असल्याचे, तर दुसऱ्या ठिकाणी ७२ तासांच्या आत औषधे सुरू केलीच पाहिजेत असे लिहिलेले आढळले. यातले कोणते खरे मानावे? मी ती सिरिंज काचेच्या बरणीत ठेवली आहे. तिची तपासणी करून घेता येईल का? घरात दोन वर्षांची धाकटी मुलगी आहे आणि दोघे एकाच ताटात जेवतात. त्यांना वेगळे ठेवावे का? लसीकरणाच्या कार्डावर हेपॅटायटिस बी लसीचा जन्मानंतरचा डोस आणि पुढचा एक डोस नोंदलेला आहे. त्यानंतर आम्ही घर बदलले आणि पुढचे रकाने कोरे आहेत. डोस दिले गेले की राहून गेले, हे आता खात्रीने सांगता येत नाही.

कंदील

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलाला न पाहता उपचार सांगणे योग्य नाही, परंतु डॉक्टरांकडे जाताना कोणता प्रश्न आधी विचारायचा हे मी निश्चित सांगू शकतो. तुमच्या प्रश्नात एचआयव्ही आधी आला आहे आणि लसीकरणाचे कार्ड शेवटी. माझ्या दृष्टीने हा क्रम उलटा हवा.

सुईवाटे रक्तातून पसरणाऱ्या तीन प्रमुख विषाणूंपैकी (हेपॅटायटिस बी आणि सी हे यकृताला सूज आणणारे दोन, आणि एचआयव्ही) हेपॅटायटिस बी सर्वांत सहज पसरतो आणि शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. रुग्णालयात काम करणाऱ्यांना बाधित रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचल्यास, त्यांच्यात प्रतिकारशक्ती नसेल तर, हेपॅटायटिस बी होण्याची शक्यता साधारणपणे ६ ते ३० टक्के मानली जाते. हेपॅटायटिस सी साठी हा आकडा पूर्वी सुमारे १.८ टक्के सांगितला जात असे आणि नंतरच्या अभ्यासांत तो ०.२ टक्क्यांपर्यंत खाली आला. एचआयव्हीसाठी तो सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारांत तीन, इतका आहे. हे सर्व आकडे ताज्या रक्ताचे आणि बाधित असल्याचे ठाऊक असलेल्या रुग्णांचे आहेत, हे मात्र विसरू नये. बागेत पडलेल्या सुईचा मालक बहुधा बाधित नसतो, रक्त असलेच तर वाळलेले असते आणि जखम उथळ असते. त्यामुळे प्रत्यक्ष धोका या आकड्यांच्या बराच खाली राहतो. अशा टाकून दिलेल्या सुईमुळे हेपॅटायटिस बी आणि सी झाल्याच्या तुरळक घटना नोंदल्या गेल्या आहेत. बागेत किंवा रस्त्यावर पडलेल्या सुईमुळे एखाद्या मुलाला एचआयव्हीची लागण झाल्याची खात्रीशीर नोंद मात्र वैद्यकीय साहित्यात आढळत नाही.

हेपॅटायटिस बी कडे लहान मुलांच्या बाबतीत अधिक गांभीर्याने पाहण्याचे आणखी एक कारण आहे. हा संसर्ग प्रौढ वयात झाला तर बहुतेकांचे शरीर विषाणूला हुसकावून लावते आणि आजार दीर्घकाळ टिकून राहण्याचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असते. तोच संसर्ग पहिल्या वर्षात झाला तर सुमारे ९० टक्के बाळांमध्ये आणि एक ते पाच या वयात झाला तर सुमारे ३० ते ५० टक्के मुलांमध्ये तो कायम राहतो, आणि पुढे कित्येक वर्षांनी यकृताचा सिऱ्होसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणे) किंवा कर्करोग होण्याची भीती त्यातूनच निर्माण होते. दिलासा असा की तिघांपैकी फक्त याच विषाणूवर प्रभावी लस आहे आणि ती सुई टोचल्यानंतर दिली तरी उपयोगी पडते.

म्हणून आजच, उद्यावर न ढकलता, बालरोग विभाग असलेल्या रुग्णालयात जावे. मुलाच्या रक्तात हेपॅटायटिस बी विरोधी प्रतिपिंड (विषाणूशी लढणारी प्रथिने, अँटीबॉडी) किती आहेत हे तपासून घ्यावे. प्रति मिलिलीटर १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके किंवा त्याहून अधिक पातळी संरक्षक मानली जाते. लसीकरण अपुरे किंवा अनिश्चित असल्यास लसीचा डोस अहवालाची वाट न पाहता दिला जातो, कारण एखादा डोस जास्त झाल्याने अपाय होत नाही. प्रतिपिंड अपुरे निघाले, किंवा अहवाल दोन दिवसांत मिळणार नसेल, तर हेपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन देण्याचाही विचार केला जातो. लसीला स्वतःचे काम सुरू करायला काही आठवडे लागतात, तोवरच्या काळासाठी ही तयार प्रतिपिंडे असतात. त्याचे प्रमाण वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.०६ मिलिलीटर असते आणि ते लसीपेक्षा वेगळ्या अवयवात टोचले जाते. शक्यतो २४ तासांत, फार तर सात दिवसांत ते द्यावे. जितका उशीर, तितका उपयोग कमी.

धनुर्वाताचे झाले ते योग्यच झाले. इंजेक्शन लसीचे होते की इम्युनोग्लोब्युलिनचे, एवढे त्या दवाखान्यातून लिहून घ्या.

ओसरी

डॉक्टरांचा आदर राखून एक शंका मांडतो. धोका नगण्य असला तरी शून्य नाही, हे त्यांनाही मान्य असावे. एचआयव्ही टाळण्यासाठी २८ दिवसांची औषधे उपलब्ध आहेत, ती सुरू करण्याची मुदत ७२ तासांची आहे आणि त्यातले बरेच तास निघून गेले आहेत. अशा वेळी आकडेवारीची चर्चा करण्यापेक्षा औषधे सुरू करून मोकळे होणे शहाणपणाचे नाही का? रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याला सुई टोचली तर त्याला काही तासांत औषध मिळते, आणि मुलाला मात्र आकडे ऐकवले जातात, हे मला पटत नाही. माझे मूल असते तर मी आग्रह धरला असता.

जास्वंद

मी रुग्णालयात संसर्ग नियंत्रण विभागात परिचारिका आहे. औषधांचा प्रश्न डॉक्टरांवर सोपवून मी जखम आणि सुई यांविषयी लिहिते.

सुई टोचल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने काही मिनिटे धुणे पुरेसे असते. जखम दाबून किंवा पिळून रक्त काढल्याने विषाणू बाहेर पडतात याला आधार नाही, उलट भोवतालच्या ऊतींना इजा होते. तोंडाने चोखणे, ब्लीच किंवा तीव्र जंतुनाशक ओतणे यांचा फायदा नाही आणि नुकसान मात्र होऊ शकते. तुमच्याकडे जे झाले त्यामुळे काही बिघडलेले नाही. सासूबाईंना दोष देऊ नये.

सिरिंज तपासण्याची कल्पना बहुतेक पालकांच्या मनात येते, परंतु तशी तपासणी करू नये असाच सल्ला दिला जातो. सुईत उरलेल्या अत्यल्प आणि वाळलेल्या अवशेषात विषाणू सापडला नाही तरी तो नव्हता असे सिद्ध होत नाही, म्हणजे ‘निगेटिव्ह’ अहवालाने मुलाच्या उपचारात काहीच बदलत नाही. शिवाय ती सुई हाताळणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा टोचण्याचा धोका असतो. सिरिंजचा फोटो काढण्यासाठी किंवा डॉक्टरांना दाखवण्यासाठी ती बरणीतून बाहेर काढू नका. सुईला टोपी लावण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका, कारण आमच्या कर्मचाऱ्यांना होणाऱ्या इजांपैकी कितीतरी इजा नेमक्या त्याच क्षणी होतात. झाकण घट्ट लावून बरणी तशीच रुग्णालयात द्यावी. तिथे टोकदार कचऱ्यासाठी जाड, न टोचणाऱ्या डब्याची व्यवस्था असते. डॉक्टरांना सांगण्यासारख्या गोष्टी निरीक्षणातूनच मिळतात: सुई जाड होती की इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक, सिरिंजमध्ये रक्त दिसत होते का, आणि टोक आत गेले की नुसते खरचटले.

प्रयोगशाळेतल्या प्रयोगांबद्दल तुम्ही वाचले असण्याची शक्यता आहे, म्हणून तेही सांगते. सिरिंजमध्ये बंद करून ठेवलेल्या रक्तात एचआयव्ही सहा आठवड्यांपर्यंत आणि हेपॅटायटिस सी चा विषाणू सुमारे नऊ आठवड्यांपर्यंत जिवंत सापडल्याचे प्रयोग झाले आहेत. हे आकडे घाबरवणारे दिसतात, परंतु ते मुद्दाम भरलेल्या रक्ताचे आणि नियंत्रित तापमानाचे आहेत; तापमान वाढले की एचआयव्ही टिकण्याचे प्रमाण झपाट्याने घसरते. उन्हात तापलेल्या वाळूतल्या सुईला ते जसेच्या तसे लागू करू नयेत, आणि ‘विषाणू बाहेर आला की क्षणात मरतो’ हे सोयीस्कर वाक्यही खरे मानू नये.

कंदील

ओसरी यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे बरोबर होणार नाही.

रुग्णालयातला कर्मचारी आणि बागेतले मूल यांच्यातला फरक सुईच्या दुसऱ्या टोकाला कोण होते यात आहे. कर्मचाऱ्याच्या बाबतीत बहुधा रुग्ण समोर असतो, त्याची तपासणी करता येते आणि रक्त ताजे असते. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, खोलवर झालेली जखम, उपकरणावर डोळ्यांना दिसणारे रक्त, रुग्णाच्या रक्तवाहिनीत थेट वापरलेली सुई आणि रुग्णाचा आजार अंतिम अवस्थेत असणे, या चार बाबींनी एचआयव्हीचा धोका वाढतो असे दिसले. त्याच अभ्यासात तत्काळ घेतलेल्या औषधामुळे संसर्गाची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झाल्याचेही आढळले. औषध उपयोगी आहे याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच आहे की जिथे मुळात धोका इतका खाली आहे, तिथे चार आठवडे दोन-तीन औषधांचा भार मुलावर टाकावा का. नवी औषधे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुसह्य आहेत, परंतु मळमळ, उलट्या, जुलाब, झोप बिघडणे यांमुळे मुले औषध मध्येच सोडतात, आणि यकृत व मूत्रपिंड यांच्या कार्यावर लक्ष ठेवण्यासाठी रक्त तपासावे लागते. म्हणूनच काही देशांच्या मार्गदर्शक सूचनांत टाकून दिलेल्या सुईसाठी ही औषधे सहसा देऊ नयेत असे म्हटले आहे, तर काहींनी निर्णय त्या-त्या प्रसंगावर सोपवला आहे. शेवंती यांना रात्री परस्परविरोधी मजकूर सापडला त्याचे कारण हेच असावे.

मी स्वतः औषधे कधी सुचवीन? सिरिंजमध्ये ताजे, ओले रक्त होते, ती जागा इंजेक्शनने अमली पदार्थ घेणाऱ्यांच्या नेहमीच्या वावराची होती आणि सुई खोल गेली, अशी चित्रे एकत्र आली तर. सुई एचआयव्हीबाधित व्यक्तीने नुकतीच वापरलेली होती हे ठाऊक असेल, तर चर्चाच नको, पहिला डोस लगेच द्यावा. मात्र ती व्यक्ती नियमित उपचारावर असून तिच्या रक्तात विषाणू सापडत नसेल तर धोका पुन्हा अगदी कमी होतो, तेही विचारात घ्यावे. घरातल्या आजोबांची इन्सुलिनची सुई नातवाला टोचली, तर आजोबांचीच तपासणी करता येते आणि बहुतेक वेळा प्रश्न एका दिवसात मिटतो. शंका असेल तर पहिला डोस देऊन, तज्ज्ञांशी बोलून, दुसऱ्या दिवशी औषध थांबवणे हाही मान्य मार्ग आहे. २८ दिवसांचा निर्णय पहिल्याच तासात घ्यावा लागत नाही. ७२ तासांची मर्यादा मात्र खरी आहे, त्यानंतर औषधाचा उपयोग राहत नाही असे मानले जाते. म्हणून ‘औषध नको’ हा निष्कर्षसुद्धा डॉक्टरांशी बोलून त्या मुदतीच्या आतच काढलेला असावा.

हेपॅटायटिस सी साठी टोचल्यानंतर घ्यायचे प्रतिबंधक औषध नाही. वेळेवर तपासणी करणे एवढेच हाती असते, आणि संसर्ग झालाच तर तीन वर्षांवरील मुलांसाठी उपलब्ध असलेल्या गोळ्यांनी तो ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत बरा होतो.

धाकट्या मुलीबद्दल: तिला वेगळे ठेवण्याची काहीही गरज नाही. एका ताटात जेवणे, मिठी मारणे, शाळेत जाणे, पोहणे, काहीच थांबवू नये. टूथब्रश वेगळे ठेवावेत, जे एरवीही ठेवायला हवेत. तिचे स्वतःचे हेपॅटायटिस बी चे डोस पूर्ण आहेत का, तेवढे या निमित्ताने पाहून घ्यावे.

पाऊलवाट

आमच्या मुलीच्या बाबतीत काही वर्षांपूर्वी असेच घडले होते. वैद्यकीय बाजू वर नीट आली आहे, म्हणून मी पुढच्या महिन्यांविषयी लिहिते, कारण पहिल्या दिवशीच्या धावपळीत त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पहिली रक्ततपासणी ‘निगेटिव्ह’ आली की घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पुढच्या तारखा विसरतात. ती तपासणी सुई टोचण्याच्या आधीची स्थिती दाखवते. त्या सुईमुळे काही झाले की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. आम्हाला सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने अशा तारखा दिल्या होत्या. किती वेळा रक्त घ्यायचे आणि कोणत्या चाचण्या करायच्या हे ठिकाणानुसार थोडे बदलते, परंतु तारखा लेखी घ्याव्यात आणि प्रत्येक वेळी कोणता विषाणू तपासला जाणार हेही लिहून घ्यावे. लसीचे उरलेले डोस याच वेळापत्रकात बसवता येतात. नव्याने सुरू केलेल्या लसीचे डोस सामान्यतः पहिल्या दिवशी, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी असतात. मधल्या काळात ताप, कावीळ, अंगावर पुरळ किंवा फार थकवा दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे, असेही आम्हाला बजावले होते.

मुलांना काय सांगावे हा वेगळाच पेच असतो. आमच्या मुलीला जखमेपेक्षा मोठ्यांच्या कुजबुजीची जास्त भीती वाटली. तिला वाटले की सुई उचलली म्हणून तिला शिक्षा होणार आहे आणि रक्त घेणे हीच ती शिक्षा. आम्ही तिला सरळ सांगितले की सुईवर कधीकधी आजाराचे जंतू असतात, ते तुझ्या शरीरात गेले की नाही हे डॉक्टर रक्तात पाहणार आहेत, आणि तू लगेच येऊन सांगितलेस हे फार चांगले केलेस. हे शेवटचे वाक्य मी कुणालाही वगळू देणार नाही, कारण ओरडा खाल्लेले मूल पुढच्या वेळी टोचलेले लपवते. शाळेत किंवा नातेवाइकांत ही बातमी पसरवण्याची आवश्यकता नाही. मुलापासून कुणाला धोका नसताना उगाच त्याच्याभोवती संशय निर्माण होतो.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारीच मोठ्या रुग्णालयात गेलो. सुई बारीक होती, सिरिंज कोरडी होती आणि टोक वरवरच गेले होते, हे पाहून एचआयव्हीची औषधे न देण्याचे ठरले, आणि ते का, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले. पहिल्या तपासणीसाठी रक्त घेतले. प्रतिपिंडांचा अहवाल यायला चार दिवस लागणार होते, म्हणून एका मांडीत हेपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन आणि दुसऱ्या बाजूच्या दंडात लसीचा डोस दिला. बरणी त्यांनी ठेवून घेतली. पुढच्या तारखा लिहून आणल्या आहेत.

आता एकच अडचण आहे. पुढच्या आठवड्यात त्याचा गोवर, गालगुंड आणि रुबेला लसीचा राहिलेला डोस घ्यायचा होता. कालच्या इंजेक्शनांमुळे तो पुढे ढकलावा लागेल का, हे विचारायचे घाईत राहून गेले. तसेच चार दिवसांनी प्रतिपिंड पुरेसे आले तर पुढचे डोस टाळता येतील का?

कंदील

गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस जिवंत विषाणूंची असते आणि इम्युनोग्लोब्युलिनमधल्या तयार प्रतिपिंडांमुळे तिचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून ती, आणि कांजिण्यांची लस राहिली असेल तर तीही, इम्युनोग्लोब्युलिन दिल्यापासून तीन महिन्यांनी द्यावी. तुमच्या भागात सध्या गोवराची साथ असेल तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे ते वेगळा विचार करतील. निष्क्रिय लसींना ही अडचण नसते. त्या ठरल्या वेळी देता येतात.

चार दिवसांनी येणारा अहवाल इम्युनोग्लोब्युलिन देण्यापूर्वी घेतलेल्या रक्ताचा असेल, तर तो विश्वासार्ह आहे, आणि त्यात पातळी पुरेशी असेल तर मुलाचे जुने डोस कामी आले होते एवढा निष्कर्ष काढता येईल. तरीही कार्डावरचे डोस अपुरे असल्याने मालिका पूर्ण करून घ्यावी असे मी सुचवीन. रक्त इंजेक्शननंतर घेतले गेले असेल, तर त्यात दिसणारी प्रतिपिंडे मुलाची स्वतःची नसून टोचलेली असतील आणि तो अहवाल या प्रश्नासाठी निरुपयोगी ठरेल. कोणते आधी झाले, हे उद्या फोन करून विचारा. लसीला स्वतःचा प्रतिसाद किती मिळाला हे पाहायचे असेल तर इम्युनोग्लोब्युलिन ओसरल्यावर, म्हणजे शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी आणि इम्युनोग्लोब्युलिनपासून किमान चार ते सहा महिन्यांनी, तपासणी करावी. सहाव्या महिन्याचा डोस आणि त्या वेळचे रक्त एकाच दिवशी येत असेल तर आधी रक्त द्यावे आणि मग डोस घ्यावा. कारण हेपॅटायटिस बी च्या प्रतिजनाची (विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाची) चाचणी लसीनंतर लगेचचे काही दिवस फसवी ‘पॉझिटिव्ह’ दिसू शकते.